बायकोचा तंबोरा आणि माझे स्पीकर

स्पीकरच्या कुठल्याही दुकानात शिरा, पाच मिनिटांत ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लागतं. ईगल्स या बँडच्या १९९४ च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधलं, टाळ्याशिट्ट्यांसकट. आधी गिटारी, मग खालून तो पहिला ठोका येतो, आणि तो पडतो त्या क्षणी दुकानदार स्पीकरकडे बघत नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघतो. माझ्या चेहऱ्यावर त्याला हवं ते दिसलं असणार. त्या संध्याकाळी दोन बुकशेल्फ स्पीकर, ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि एक सेकंडहँड सीडी प्लेअर रिक्षात घालून मी कोथरूडला घरी आलो. बोनस संपला.

वायरी जोडून झाल्यावर पहिला तास अर्थातच तेच गाणं. ठोका दुकानातल्यापेक्षा जरा हलका वाटला. खोली लहान आहे, चालायचंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग कपाट उघडलं. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं, वीस-पंचवीस वर्षांत जमलेल्या सीडी. एकेक लावत गेलो आणि एकही बरी वाजेना. आवाज पातळ, डग्गा असून नसल्यासारखा, आणि गाणारा माणूस नक्की कुठे बसलाय याचा पत्ता नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “जुना टू-इन-वन लगेच विकू नकोस रे.”

माझं निदान तयार होतं. यंत्र उत्तम आहे, आपल्याकडचं ध्वनिमुद्रणच धड नाही. तेव्हा चांगली मुद्रणं शोधायची. हे निदान चुकीचं होतं, निदान निम्मं तरी. पण ते कळायला आठ महिने गेले आणि पैसे किती गेले ते घरात अजून सांगितलेलं नाही.

हाय-फायवाल्यांची एक ठरलेली पोथी असते. तीच दहा-वीस नावं पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक जण ती स्वतः शोधल्यासारखी सांगतो. मी त्या पोथीची पारायणं सुरू केली. पहिला अध्याय ‘जॅझ अ‍ॅट द पॉनशॉप’. १९७६ च्या डिसेंबरात स्टॉकहोममधल्या ‘स्टाम्पेन’ नावाच्या छोट्याशा क्लबात येर्ट पाल्मक्रान्त्स या ध्वनिमुद्रकाने दोन रात्री बसून केलेलं. पेल्यांची किणकिण ऐकू येते, मागे लोक बोलत असतात, टाळ्या पडतात. मी ती सीडी दहा-बारा वेळा तरी ऐकली असेल आणि आजही तिच्यातली एक चाल मला गुणगुणता येत नाही. पेले मात्र पाठ आहेत.

दुसरा अध्याय चायकॉव्हस्कीचं ‘१८१२’, ‘टेलार्क’ कंपनीने सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाकडून करून घेतलेलं. त्यात खऱ्या तोफा आहेत, आणि स्पीकर सांभाळा असा इशारा खुद्द कंपनीनेच छापलेला आहे. मी तो इशारा वाचून सुखावलो होतो. माझ्या घरी तोफ उडाली ती लवंगी माळेसारखी. पुन्हा समजूत: सव्वापाच इंची वूफरकडून, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भोंग्याकडून, तोफेची अपेक्षा कशाला करायची?

डायर स्ट्रेट्स या बँडची ‘ब्रदर्स इन आर्म्स’ घेतली, १९८५ ची, सीडीच्या जमान्यातली दहा लाख खपलेली पहिली सीडी म्हणून नावाजलेली. ती मात्र मला खरंच आवडली. सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ही घेतलं. त्यात वाद्यच नाही, नुसता गळा. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या जर्मन संशोधकाने एमपीथ्री घडवताना हेच गाणं पुन्हा पुन्हा वापरलं होतं, कारण वाद्यांच्या गर्दीत लपणारी खोट एकट्या आवाजात लपत नाही. ही गोष्ट मी तेव्हा ‘गंमतशीर माहिती’ म्हणून मित्रांना सांगत सुटलो. माझ्याच घरात तिचा काही उपयोग आहे हे डोक्यात आलं नाही.

आणि मग ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हाती आली. पंडित विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा (गिटारवरूनच घडवलेली) आणि राय कूडर यांची गिटार, साथीला सुखविंदरसिंग नामधारी यांचा तबला. १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा गावी एका प्रार्थनागृहात ‘वॉटर लिली अकूस्टिक्स’च्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी ती मुद्रित केली. दोघा वादकांची ओळख मुद्रणाच्या थोडाच वेळ आधी झाली होती. १९९४ साली तिला ग्रॅमी मिळालं. पण मला त्यातली जास्त भुरळ पडली ती मायक्रोफोनच्या मांडणीची. अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली ही पद्धत. दोनच मायक्रोफोन. प्रत्येकाला पुढूनही ऐकू येतं आणि मागूनही, बाजूने जवळजवळ नाही, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. ते एकावर एक, काटकोनात लावायचे. पुढचे कान वादक टिपतात, मागचे वास्तू. कुणाचा आवाज जास्त येत असेल तर बटण फिरवायचं नाही, त्या माणसाला उठवून फूटभर मागे बसवायचं. आपल्याकडच्या बैठकीत तबलजीला “जरा मागे सरका” म्हणतात, तसंच.

माझ्या घरी हे सगळं सगळीकडून यायचं. भिंतीतून, छतातून, कानामागून. मी एका मित्राला मुद्दाम बोलावलं. तो डोळे मिटून दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, “काय स्टेज आहे रे!” स्टेज हा या पंथातला लाडका शब्द, आवाजाचा पट आपल्यासमोर किती रुंद आणि खोल मांडला जातो यासाठीचा. मी विनयाने हसलो. पंडितजी नेमके कुठे बसलेत हे दोघांनाही सांगता आलं नसतं, पण ते कुणी कुणाला विचारलं नाही.

अशा रीतीने परदेशी पोथी ‘छान वाजते’ आणि आपलं संगीत ‘नीट मुद्रित होत नाही’ हा सिद्धांत पक्का झाला. मग दुसरा टप्पा: आपल्या संगीतातली अपवादात्मक मुद्रणं शोधणं. यात मात्र मजा होती.

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर सुरू झाली. तिथे स्क्रू, नळ, घड्याळं, लष्करी बूट यांच्या शेजारी सतरंजीवर सीडींचे ढीग असतात. अलूरकर म्युझिक हाऊसच्या काही कॅसेटी मिळाल्या. कर्वे रस्त्यावरचं ते दुकान पुण्यातल्या कानसेनांना काय होतं हे इथे वेगळं सांगायला नको. ‘म्युझिक टुडे’च्या नव्वदीतल्या प्रहरवार रागांच्या सीडी मिळाल्या. नीट, शांत, वाद्यांना श्वास घ्यायला जागा ठेवून केलेलं काम. ‘निंबस’ या इंग्रज कंपनीची १९९९ ची ‘द राग गाइड’ मिळाली, चार सीडींत ७४ राग, हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास. मुद्रण सुरेख, पण राग सुरू होतो न होतो तोच संपतो. जेवणाच्या पंक्तीत नुसतं मीठ-लिंबू वाढून पुढे जावं तसं वाटतं.

याच काळात मी एक वाईट सवय लावून घेतली. गाणं ऐकण्याआधी ते लॅपटॉपवर ‘ऑडॅसिटी’ या सॉफ्टवेअरमध्ये, आवाजाच्या चित्रात बघायचं. सवय वाईट, पण तिने दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली म्हणजे फसवणूक दिसते. बाजारातून आणलेल्या एका सीडीत १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सगळं रिकामं होतं. अशी रेघ हलक्या प्रतीच्या एमपीथ्रीची खूण असते. कुणीतरी इंटरनेटवरून गाणी उतरवून, सीडीवर चढवून, वर चकचकीत कव्हर घातलेलं. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२ पर्यंतचे स्वर मावतात; त्यांचा वरचा चतुर्थांश गायब. तुटका माल नव्या पिशवीत. तेच पुढे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या महागड्या फायलींबद्दलही लक्षात आलं. डबा केवढा आहे यावरून आत काय आहे ते कळत नाही. मूळ टेपच जर गुरगुरत असेल तर ती गुरगुर १९२ मध्ये जास्त तपशिलाने ऐकू येते, इतकंच.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. एका ख्यालाची मला फार आवडणारी सीडी माझ्याकडे होती, जुनी. तिचीच ‘नव्याने संस्कारित’ आवृत्ती निघाल्याचं कळल्यावर मी ती धावत जाऊन घेतली. लावली आणि वाटलं, वा! आवाज भरदार, तंबोरे जवळ. तिसऱ्या दिवशी मात्र कान विटला. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. जुनी म्हणजे डोंगररांग: सुरुवातीला जेमतेम उंचवटे, मग चढण, अखेरच्या द्रुतात शिखरं. नवी म्हणजे वीट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीची. पाश्चात्त्य पॉपमध्ये आवाज चढवण्याची ही चढाओढ नव्वदीपासून चाललेली आहे, पण तीन मिनिटांच्या गाण्याचं त्यात फारसं नुकसान होत नसेल. ख्यालाचं होतं. चाळीस मिनिटांच्या बडा ख्यालात गायक आधी सा लावतो तो स्वतःलाच ऐकू यावा इतका, आणि तिथून एकेक पायरी चढतो. ती चढणच सपाट केली तर उरतं काय? आलापातला श्वास आणि तानेचा तडाखा एकाच मापाने येऊ लागतो. १६ बिटच्या सीडीत ९६ डेसिबलची जागा असते हो. तिच्या वरच्या माळ्यावरच सगळं सामान कोंबून ठेवायचं, असा हा प्रकार.

मला आधी नवी का आवडली होती याचंही कारण तिथेच सापडलं. ती मोठी वाजत होती. दोन मुद्रणांत एक डेसिबलभर जरी फरक असला तरी मोठं ते ‘चांगलं’ वाटतं, आणि आपल्याला ते मोठं आहे असं जाणवतही नाही. तेव्हापासून तुलना करायची झाली की मी मोबाइलवरच्या मीटरने दोन्हींची पातळी आधी सारखी करतो. निम्म्याहून जास्त मतभेद तिथेच मिटतात.

बायको या सगळ्याकडे अलिप्तपणे पाहत होती. ती गाणं शिकते, लग्नाआधीपासून, आणि घरात तिचा मिरजेचा तंबोरा आहे. पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड. मी नव्या सीडीतल्या तंबोऱ्यांची तारीफ करायला लागलो की ती येऊन क्षणभर ऐकायची आणि एका शब्दात निकाल द्यायची. “पेटी.” म्हणजे हार्मोनियम नव्हे, इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली तो बनवला आणि गायकांची प्रवासातली मोठी सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी एवढे पैसे घालून काय स्पष्ट ऐकत होतो, तर एका डब्याला! पुढे पुढे मलाही ओळखता यायला लागलं. खरा तंबोरा दर आवर्तनाला थोडा वेगळा बोलतो. बोट कधी जरा वर पडतं, कधी खाली, आणि जवारीतून निघणारी ती वरच्या स्वरांची भिंगरी प्रत्येक वेळी नवी असते. डब्याची भिंगरी ठरलेली.

हे कळलं तरी माझ्या स्पीकरवर खरे तंबोरेसुद्धा धुरासारखे पसरलेलेच यायचे. दोष कुणाचा? अर्थातच मुद्रणाचा.

दिवाळीत सासरे आले. मिरजेचे. त्यांचं लहानपण दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या मैफली ऐकण्यात गेलेलं. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. मी त्यांना आधी मोहनवीणा ऐकवली. ते सभ्यपणे “छान, छान” म्हणाले आणि वर्तमानपत्राकडे हात नेला. मग म्हणाले, “हिराबाई असतील तर लावा की.”

हिराबाई बडोदेकर माझ्याकडे होत्या, जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून सीडीवर उतरवलेल्या. तीन-सव्वातीन मिनिटांची एकेक बाजू, खरखर, मोनो. हाय-फायच्या दृष्टीने टाकाऊ माल. जरा लाजतच लावली.

अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले. मग मान तिरकी केली. उठून डाव्या स्पीकरपाशी गेले, उजव्यापाशी गेले, परत मधे येऊन बसले.

“जावईबापू, बाई बसल्यात कुठं?”

“म्हणजे?”

“आमच्या रेडिओत बाई रेडिओत बसायच्या. फोनोत फोनोत. इथं बाई आहेत कुठं? मला तर खोलीभर नुसती खरखर आणि आवाज फिरल्यासारखा वाटतोय.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मोनो मुद्रणात दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. तो ऐकणाऱ्याला बरोबर मधोमध, दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या हवेत दिसायला हवा, जणू तिथे तिसरा स्पीकर आहे. मुद्रण शंभर वर्षांचं असो नाहीतर कालचं, खरखरीचं असो नाहीतर स्वच्छ, हा नियम बदलत नाही. आणि माझ्याकडे मधे कुणीच नव्हतं.

टॉर्च घेऊन स्पीकरच्या मागे गेलो. उजवा ठीक. डाव्याची लाल वायर काळ्या खुंटीला आणि काळी लालला. आठ महिने.

अशा उलट्या जोडणीत एक स्पीकर हवा पुढे ढकलत असतो तेव्हा दुसरा मागे ओढत असतो. खालच्या स्वरांच्या लाटा लांबलचक, त्या एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून ठोका हलका, डग्गा बेपत्ता, तोफ लवंगी. वरच्या स्वरांची दिशा हरवते आणि आवाज ‘सगळीकडून’ येऊ लागतो. मित्राने ज्याला स्टेज म्हटलं होतं ते म्हणजे जोडणीतली चूक होती. (त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “तरी मला शंका आलीच होती.” मित्र असेच असतात.)

वायर बदलली आणि हिराबाई पुन्हा लावल्या. त्या आल्या आणि बसल्या. मधोमध, टीव्हीच्या टेबलाच्या किंचित वर. खरखर त्यांच्याच जागेवरून येत होती, पण ती आता पडद्यासारखी पुढे आणि आवाज तिच्या मागे स्वच्छ. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली. त्या रात्री साडेअकरापर्यंत ७८ च्याच बाजू चालल्या होत्या.

पुढच्या शनिवारी पासोड्या विठोबापाशी एका दुरुस्तीवाल्या काकांकडे वायरची टोकं आणायला गेलो, तेव्हा त्यांना ही फजिती सांगितली. ते हसलेही नाहीत. म्हणाले, “रोजचं आहे. पेन्सिल सेल घ्या. वायर अ‍ॅम्पमधून काढा आणि दोन टोकांना सेल टेकवा, क्षणभरच. सेलचा प्लस लाल वायरला लावल्यावर स्पीकरचा पडदा बाहेर आला तर जोडणी सरळ, आत गेला तर उलटी.” दीड व्होल्टची ही परीक्षा मी आता नातेवाइकांच्या घरीही करतो. दोन ठिकाणी उलटी सापडली आहे.

मग सगळं पहिल्यापासून ऐकलं. सुट्टी टाकून. आठ महिन्यांत मी ज्या मुद्रणांना नावं ठेवली होती, त्यातली निम्मी निर्दोष निघाली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही साठीच्या दशकाच्या अखेरची, शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद यांची. मी तिला ‘जुनाट’ म्हणून बाजूला टाकलं होतं. एचएमव्हीमध्ये ती घडवून आणली आपल्या जी. एन. जोशींनी, भावगीत ज्यांच्या तोंडून घरोघरी गेलं त्या वकील-गायकाने. आता ऐकली तर संतूरच्या काडीचा स्पर्श आणि मागे रेंगाळणारी आस वेगवेगळे कळत होते. मोहनवीणेच्या सीडीत पंडितजी एका जागी बसले, कूडर दुसऱ्या, तबला मागे, आणि सगळ्यांच्या भोवती ती वास्तू. म्हणजे ब्लूमलाइनसाहेबांचं पेटंट माझ्या घरात ऐंशी-नव्वद वर्षांनी एकदाचं लागू झालं.

‘१८१२’ लावताना मी आवाज नेहमीच्याच खुणेवर ठेवला होता. ही चूक. तोफेसरशी वूफरचा पडदा चप्पल आपटावी तसा वाजला, आणि दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजी नातवाला घेऊन दारात. “सिलिंडर नाही ना फुटला?” ती सीडी आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते.

पण एक दुखणं गेलं तसं दुसरं वर आलं. आधी डग्गा नव्हता, आता जास्तच झाला. आणि तोही सारखा नाही. एकल तबल्याच्या एका सीडीत वादक डग्ग्यावर मनगट दाबत घुमारा खालून वर नेतो. तो सरकताना एका विशिष्ट जागी आवाज एकदम फुगायचा, पुढे गेला की पुन्हा शहाणा. वादक काही दर वेळी त्याच जागी जोर लावत नसणार. मग दोष, यावेळी मी लगेच म्हटलं नाही, दोष मुद्रणाचा.

आमची बैठकीची खोली बारा फूट बाय दहा. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत बरोबर अर्धी लाट मावेल असा स्वर निघतो ४७ हर्ट्झचा, आणि पूर्ण लाट मावेल असा ९४ चा. हे स्वर खोलीचे आपले. ते वाजले की खोलीही गायला लागते. डग्ग्याचा घुमारा साधारण त्याच भागातून सरकत जातो. भिंतीला लागून बसलं की हे फुगणं सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि आमचा सोफा अर्थातच भिंतीला लागून.

सोफा अडीच फूट पुढे आणला. घरात यावर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. तहाच्या अटी अशा ठरल्या: रविवारी सकाळी सोफा पुढे, पाहुणे आले की मागे. कोपऱ्यात कापसाची जुनी गादी गुंडाळून उभी केली, तिच्यावर आजीची गोधडी घातली म्हणजे बरी दिसते. पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला नेलं. घुमारा पूर्ण सरळ झाला नाही, पण आता त्या जागेवरून जाताना अडखळत नाही. या एवढ्या कामाला लागला खर्च शून्य, आणि फरक म्हणाल तर मी घेतलेल्या कुठल्याही महागड्या वायरपेक्षा जास्त.

यानंतर मुद्रणं शोधण्याची माझी तऱ्हाच बदलली. कुणाची यादी हातात धरायची सोडली. सवाई गंधर्व महोत्सवातल्या आवाजाशी तुलना करायचीही सोडली, कारण तिथे आपण हजारो लोकांत बसून मोठमोठे स्पीकरच ऐकत असतो. माइकशिवाय, पंचवीस माणसांत, गायकापासून आठ फुटांवर बसून जे ऐकू येतं ते डोक्यात ठेवायचं, आणि मुद्रणात त्यातलं काय काय आलंय ते बघायचं. पेटीच्या भात्याचा श्वास. तंबोऱ्याची तार लावताना खुंटीचा किरकिराट. गायकाने मान वळवल्यावर आवाजाचा बदललेला रंग. नव्वदीतल्या अनेक कॅसेटींवर गळ्याला विहिरीत उतरवल्यासारखा जो इको चढवलाय, तो मात्र वायर सरळ करूनही गेला नाही. तिथे मुद्रणालाच नावं ठेवायला मी मोकळा आहे. चित्रपटसंगीतात मी ध्वनिमुद्रक म्हणून एच. श्रीधर यांचं नाव असलं की डोळे झाकून घेतो. ‘लगान’च्या ध्वनीसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. रहमानच्या गाण्यांतली दाटी त्यांनी कशी मोकळी ठेवली आहे ते बारीक आवाजात ऐकलं की जास्त कळतं.

शेवटी एक प्रयोग करून पाहिला. मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर आणला आणि बायकोला म्हटलं, तू तंबोरा धर, मी मुद्रित करतो. याच खोलीत. म्हणजे खरा कसा वाजतो आणि स्पीकरमधून कसा येतो, दोन्ही समोरासमोर.

वाटलं तितकं सोपं नव्हतं. हातभर अंतरावरून नुसते बोटाचे आघात आले, आस नाही. दहा फुटांवरून नुसती खोली आली, आणि तीच खोली वाजवताना पुन्हा तिच्यावर चढली. ब्लूमलाइनसाहेब आणि अलेक्झांडरसाहेब दोघांबद्दलचा आदर वाढला. पंखा बंद केला तर शेजारचा मिक्सर सुरू. मिक्सर थांबला तर कुकरची शिट्टी. सकाळी सहाला बसलो तर कोकिळा. चौथ्या दिवशी साडेपाचला, पाच फुटांवर, भोपळ्याच्या जरा वर धरून बारा मिनिटं बरी मिळाली. त्यात शेवटी लांबून दूधवाल्याची मोटरसायकल आहे. ती ठेवली.

आठवड्याने ती लावून ऐकत बसलो होतो. सोफा पुढे, गोधडी कोपऱ्यात. पंचम, जोडी, खर्ज. पंचम, जोडी, खर्ज. बायको आतून भाजी निवडता निवडता चाकू हातात घेऊनच बाहेर आली. मला वाटलं, आता म्हणेल, अगदी खरा वाटतोय. ती दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली.

“पंचम उतरलाय,” ती म्हणाली. “केसभर. मी असा लावला होता त्या दिवशी? शी. पुसून टाक ते.”

पुसलेलं नाही. कुणी नवे स्पीकर घेतले आणि ऐकायला बोलावलं की तेच घेऊन जातो, आणि एक पेन्सिल सेल.